जोड बघायचा की गेट?

वेल्डर काम सुरू करतो त्या क्षणी तो पूर्ण आंधळा असतो, हे वेल्डिंगच्या दुकानावरून तोंड फिरवून जाणाऱ्यांना ठाऊक नसतं. दहा-अकरा नंबरची काळी काच डोळ्यांपुढे आली की भर दुपारी अमावास्या. टेबल दिसत नाही, हातातला होल्डर दिसत नाही आणि ज्या दोन पट्ट्या जोडायच्या त्या तर नाहीच नाही. रॉडचं टोक लोखंडाला घासलं, आर्क पेटला, की त्याच्याच उजेडात थोडंसं जग दिसू लागतं. मुरलेला मिस्त्री रॉड नेमक्या जागी धरतो, मानेला एक झटका देतो, हेल्मेट खाली येतं आणि आर्क पेटतो. पंचावन्नाव्या वर्षी ही विद्या शिकायला निघालेल्या माणसाच्या मानेत तो झटका नसतो. तिथे आधीच स्पॉन्डिलायटिस असतो.

अशांसाठी १९८१ साली स्वीडनमधून आपोआप काळी होणारी काच बाजारात आली. आर्क पेटला की ती सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आत काळी होते, तोवर समोरचं सगळं स्वच्छ दिसत असतं. आता ती आपल्या पुण्याच्या बोहरी आळीतही मिळते. हौशी वेल्डरांत पहिली फूट पडते ती या काचेवरून. एक पक्ष म्हणतो, साधी काळी काच वापरल्याशिवाय हाताला जागा कळत नाही. दुसरा पक्ष म्हणतो, आम्हाला डोळ्यांना कळली तरी पुरे. मी दुसऱ्या पक्षात आहे.

धायरीच्या एका गाळ्यात रविवारी सकाळी आम्ही जमतो. एक बँकेतून निवृत्त झालेले अधिकारी, एक दंतवैद्य, सॉफ्टवेअर कंपनीत काम करणारी एक मुलगी, आणि लेखासाठी माहिती हवी म्हणून आलेला आणि मग तिथेच राहिलेला मी. जागा, वीज आणि टोमणे मिस्त्रींचे; रॉड, वायू आणि चहा आमचा. मिस्त्रींचा फॅब्रिकेशनचा धंदा आहे: गेट, ग्रिल, जिने, पत्र्याच्या शेडी. आमच्याकडे ते ज्या नजरेने बघतात, तिच्यात थोडी दया आहे आणि बरीचशी करमणूक.

वेल्डिंग शिकणाऱ्याला पहिल्यांदा काय करावंसं वाटतं? टेबल. नीट काम करायला सपाट लोखंडी टेबल लागतं आणि ते टेबल करायला वेल्डिंग यावं लागतं. या कोड्यात पहिला पावसाळा जातो. टेबल झालं की मशीनला चाकांची गाडी, मग सिलिंडरला गाडी, मग क्लॅम्प टांगायला रॅक, ग्राइंडरला खण, रॉडच्या पुड्यांना डबा. वर्ष-दीड वर्ष माणूस वेल्डिंगला लागणाऱ्या वस्तूंचंच वेल्डिंग करत असतो. घरच्यांच्या वाट्याला शेवटी येतो तो कुंड्यांचा स्टँड. ज्या घरात कुंड्या नाहीत तिथेही तो येतो, आणि मग त्याच्यासाठी कुंड्या आणाव्या लागतात.

हा दोष आजचा नाही. विजेच्या आर्कने धातू जोडण्याची खटपट निकोलाय बेनार्दोसने १८८१ च्या सुमाराला केली. त्याच्या हातात कार्बनची कांडी होती, आणि आपल्या पद्धतीला त्याने ग्रीकांच्या लोहारदेवाचं, हेफेस्टसचं नाव जोडलं होतं. पुढे १८८८ मध्ये निकोलाय स्लाव्यानोव्ह या रशियन अभियंत्याने कार्बनऐवजी धातूचीच कांडी घेतली. ती कांडी स्वतः वितळून जोडात उतरते, म्हणजे आज आपल्या गल्लीबोळांत चालतं ते वेल्डिंग. आता हे लोकांना पटवायचं कसं? या गृहस्थाने एक पेला केला. कासं, तांबं, निकेल, पोलाद, ओतीव लोखंड असे एकमेकांशी सहसा न पटणारे आठ धातू एकावर एक बसवून घडवलेला, पाच किलोंहून जड. १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात त्याला पदक मिळालं. पाच किलोंच्या पेल्यातून पाणी कोण पिणार? पण तो पाण्यासाठी नव्हताच, तो जोड दाखवण्यासाठी होता. आमच्या बँकवाल्या साहेबांना मी ही हकीकत सांगितली तेव्हा त्यांना फार धीर आला. त्यांच्या गॅलरीत सध्या पाच स्टँड आहेत.

आमचे पंथ ठरलेले आहेत. मिस्त्रींच्या गाळ्यात पुस्तकी नावं चालत नाहीत. नुसतं ‘वेल्डिंग’ म्हटलं की रॉडचं. पुस्तकातलं मिग म्हणजे ‘सीओटू’ आणि टिग म्हणजे ‘आर्गन’. ‘गॅस’ म्हणजे ऑक्सिजनचा काळा आणि ॲसिटिलीनचा तपकिरी-लाल सिलिंडर, ३,००० अंशांच्या वर जाणारी ज्योत आणि उलट्या आट्यांचा तो नट, जो नवखा माणूस हमखास जास्तच आवळून बसतो. गॅसवर मिस्त्री स्वतः शिकले. आम्हाला मात्र ते त्याला हात लावू देत नाहीत, आणि ते बरोबर आहे.

साहेब रॉडवाले. त्यांनी बँकेत छत्तीस प्रकारचे फॉर्म हाताळलेले असल्याने रॉडवरच्या आकड्यांवर त्यांचं प्रेम बसलं. ६०१३ मधले ६० म्हणजे जोडाची ताकद, दर चौरस इंचाला ६०,००० पौंड. १ म्हणजे आडवं, उभं, डोक्यावर, कसंही चालेल. शेवटचा ३ लेपाची जात सांगतो. हा लेप मोठा गुणी. १९०४ च्या सुमाराला स्वीडनच्या गोथेनबर्गमध्ये ऑस्कर शेलबर्ग जहाजांच्या बॉयलरची दुरुस्ती करत होता. उघड्या तारेने घातलेला जोड हवा खाऊन ठिसूळ होतो हे पाहून त्याने तारेवर लेप चढवला. लेप जळतो, त्याचा वायू जोडाभोवती पहारा देतो आणि उरलेला कचरा वितळलेल्या धातूवर साय धरून बसतो. ६०१३ सोशिक आहे. गंजलेलं लोखंड, थरथरता हात, चुकलेला अंश, सगळं पोटात घालतो. ७०१८ जास्त ताकदीचा, पण नखरेल. त्याला दमट हवा सोसत नाही, त्याला गरम पेटीत ठेवावं लागतं. जुलैच्या पुण्यात हा रॉड वापरायचा म्हणून साहेबांनी घरच्या ओव्हनकडे बघायला सुरुवात केली, तेव्हा वहिनींनी ओव्हन माळ्यावर टाकला.

रॉडची एक ओळ नीट उतरते तेव्हा काय होतं, ते जवळून सांगण्यासारखं आहे. अडीच मिलिमीटरचा रॉड, सत्तर-ऐंशी अँपियर. काचेतून सगळं हिरवट दिसतं. नवखा माणूस आर्कच्या झगझगीत टोकाकडे बघतो. बघायचं असतं ते त्याच्या मागे तयार होणाऱ्या वितळलेल्या धातूच्या लहानशा डबक्याकडे. डबक्याची मागची कड गोल असते, आणि तिच्या मागून कचऱ्याचा काळपट थर सरकत येतो. हात घाईत असला तर कड टोकदार होते, रेंगाळला तर डबकं पसरून आरपार भोक पडतं. टोक आणि पट्टी यांत रॉडच्या जाडीएवढंच अंतर राहिलं तर कढईत कांदाभजी पडल्यासारखा एकसुरी चुर्र आवाज येतो; जवळ गेलं तर रॉड चिकटतो, मशीन हुंकारते आणि मनगटाला हिसका द्यावा लागतो. रॉड जळत जळत आखूड होत असतो, म्हणजे पुढे सरकणारा हात त्याच वेळी खालीही उतरत राहिला पाहिजे. सगळं जमून आलं की ओळ निवताना कचरा स्वतःच तडतडून सुटतो, चिपिंग हातोडीची गरजही पडत नाही. आणि खाली निघते एकसारख्या खवल्यांची राखाडी ओळ. ती बघून साहेबांसारखा, आयुष्यभर कर्जप्रकरणं बघितलेला माणूसही “अहो, इकडे या!” असं ओरडतो.

ताईचं (मिस्त्री त्या सॉफ्टवेअरवाल्या मुलीला ताई म्हणतात, म्हणून आम्ही सगळेच म्हणतो) सीओटूवर प्रेम. घोडा दाबला की तार येत राहते, वायूचं संरक्षण आपोआप, रॉड चिकटायचा प्रश्न नाही, कचरा झोडायचा नाही. ही पद्धत १९४८ साली अमेरिकेत निघाली आणि काही वर्षांनी महागड्या वायूऐवजी कार्बन डायऑक्साइड चालतो असं कळल्यावर कारखान्याकारखान्यात शिरली. शिकायला सगळ्यांत सोपी. अर्ध्या तासात माणसाला वाटतं की आपल्याला येतं. माझ्या मते तिचा दोष तोच आहे.

डॉक्टर आर्गनवाले. टंगस्टनची सुई, जी साडेतीन हजार अंशांच्या जवळ जाईपर्यंत वितळत नाही. एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात भरायची तार, पायाखाली करंट कमी-जास्त करणारं पॅडल. ही पद्धत १९४१ साली कॅलिफोर्नियात नॉर्थ्रॉप कंपनीच्या रसेल मेरेडिथने बसवली, कारण त्यांना मॅग्नेशियमची विमानं जोडायची होती आणि वितळलेल्या मॅग्नेशियमला हवेचा वारा लागला की ते पेट घेतं. डॉक्टरांना विमान करायचं नाही. त्यांना स्टेनलेस स्टीलचा साबणाचा ट्रे करायचा आहे, आणि तो गेल्या दिवाळीच्या आधीपासून चालू आहे. पट्टी ते आधी ॲसिटोनने पुसतात, मग परत पुसतात, मग सुईला धार लावतात, मग सुई पट्टीला टेकते, मग पुन्हा धार. त्यांना अर्ध्या सेंटिमीटरच्या जागेत, वाकून, श्वास रोखून काम करायची सवय आहे. फरक एवढाच की लोखंड “दुखतंय” म्हणत नाही.

“डॉक्टर, हा जोड आहे की दागिना?” साहेब विचारतात.

“दागिनाच. लोखंडावर चिखल थापण्यापेक्षा बरं, साहेब.”

असं महिनोन्महिने चाललं होतं. शेवटी एका रविवारी मिस्त्रींनीच निकाल लावायचं ठरवलं. प्रत्येकाने सहा मिलिमीटरच्या दोन पट्ट्या काटकोनात उभ्या करून एकाच बाजूने जोडायच्या. मग तुकडा वाइसमध्ये पकडायचा आणि उभ्या पट्टीवर जोडाच्या दिशेने घण घालायचा.

ताईची ओळ सगळ्यांत देखणी होती. एकसारखी, चकचकीत, दोन्ही पट्ट्यांवर सारखी. मिस्त्रींनी दुसरा घाव घालायच्या आत उभी पट्टी वेगळी होऊन खाली पडली. आम्ही सगळे वाकून बघायला लागलो. जोडाची पट्टी अखंड सुटून आली होती, आणि तिच्या खाली कोपऱ्यात पट्टीची मूळ कड, कापताना आलेल्या रेघांसकट, जशीच्या तशी शाबूत होती. धातू वितळून तिच्यावर बसला होता, तिच्यात उतरलाच नव्हता. करंट कमी, हात जलद. ताई काही बोलली नाही. तिने खिशातून फोन काढला आणि त्या कडेचे फोटो घेतले, आणि त्या दिवशी मला कळलं की आमच्यात खरं वेल्डिंग कुणाला येणार आहे.

साहेबांचा जोड म्हणजे उंचवटे आणि खळगे. घण बसत गेले, पट्टी वाकत गेली, शेवटी आडवी झोपली, जोड तुटला नाही. साहेबांनी आमच्याकडे कर्ज मंजूर केल्याच्या थाटात पाहिलं. पण मिस्त्री हट्टाला पेटले होते. त्यांनी साहेबांचा दुसरा तुकडा घेतला. तो तुटला, आणि तुटलेल्या पोटात कचऱ्याची काळी रेघ आरपार निघाली. पहिली ओळ साफ न करताच साहेबांनी तिच्यावर दुसरी चढवली होती.

आता डॉक्टरांची पाळी. डॉक्टरांनी आपला नमुना उचलला, रुमालात गुंडाळला आणि खिशात घातला. “हा तोडायला केलेला नाही,” ते म्हणाले. त्यावर अजूनही चर्चा चालू आहे.

साहेबांनी मात्र हार मानली नाही. जोड तुटला की वेल्डरच्या नावाने खडे फोडायचे, ही जगाची रीतच आहे, असं त्यांचं म्हणणं; आणि त्यांनी दाखला दिला तो १९४३ च्या जानेवारीतला. अमेरिकेत पोर्टलंडच्या धक्क्याला शांत पाण्यात उभं असलेलं ‘शेनेक्टाडी’ नावाचं कोरं तेलवाहू जहाज, मोठ्ठा आवाज करून मधोमध दुभंगलं. रिव्हेटऐवजी वेल्डिंगने जहाजं बांधायची तेव्हा घाई चालली होती, त्यामुळे सगळ्यांची बोटं वेल्डरांकडे वळली. पुढे केंब्रिजच्या कॉन्स्टन्स टिपर या बाईंनी अशा जहाजांचा अभ्यास करून दाखवलं की मुख्य दोष पोलादाचा होता. थंडीत ते ठिसूळ होत होतं. वेल्डिंगचा वाटा एवढाच, की रिव्हेटच्या जहाजात तडा एका पत्र्याच्या कडेला येऊन थांबला असता, इथे सगळे पत्रे एकजीव झाल्यामुळे त्याला थांबायला जागा राहिली नाही. साहेबांनी यातला पहिला भाग जोरात सांगितला आणि दुसरा हळू.

“पण साहेब, तुमच्या जोडात कचरा होता,” मिस्त्री म्हणाले. “धायरीत कुठली आली थंडी?”

या गाळ्यात अजून एक वाद आहे आणि तो आरोग्याचा आहे. घराची जुनी नळजोडणी काढली की जीआय पाइप फुकट मिळतात, आणि फुकट लोखंड दिसलं की हौशी माणसाचा विवेक सुटतो. त्या पाइपवर जस्ताचा मुलामा असतो. तो जाळला की पांढरा धूर निघतो आणि संध्याकाळी हुडहुडी भरून ताप येतो. वेल्डरांच्या दुनियेत यावर शतकानुशतकं चालत आल्यासारखा एक उपाय आहे: पेलाभर दूध. डॉक्टर म्हणतात, दुधाने काही होत नाही, मुलामा घासून काढा, दारं उघडा आणि मास्क लावा. मिस्त्री म्हणतात, तुम्ही दातांचे डॉक्टर. तसंच बिनकाचेने आर्क पाहिल्याचं. त्या वेळी काही होत नाही. मध्यरात्री डोळ्यांत वाळू ओतल्यासारखं वाटून माणूस उठतो. घरोघरी त्यावर बटाट्याच्या चकत्या ठेवतात. बटाटा गार असतो एवढंच त्याचं पुण्य. तेव्हा डोळ्यांच्या डॉक्टरकडेच जावं. इथे मी आमच्या डॉक्टरांच्या बाजूने आहे, दातांचे असले तरी.

त्या तोडफोडीच्या दिवशी आम्ही तुकड्यांवर वाकून भांडत असताना मिस्त्री पलीकडे एक गेट संपवत होते. एका बंगल्याचं, दोन पाखी, सोळा गेजच्या चौकोनी पाइपचं. एवढ्या पातळ पाइपवर आम्ही कुणीही रॉड टेकवला असता तर भोक पडलं असतं. ते टाके मारत होते: एका कोपऱ्यात एक, मग समोरच्या तिरप्या कोपऱ्यात, मग गुण्या लावून बघायचं, मग तिसरा. जोड निवताना आकसतो आणि चौकट ओढून घेतो, म्हणून चौकट कोणत्या बाजूला किती ओढली जाणार हे धरून ते आधीच ती उलट बाजूला केसभर सोडत होते. ते पुस्तक वाचून हातात येत नाही, आणि आमच्या चर्चेतही ते कधी आलं नव्हतं. सगळे जोड पुरे झाल्यावर त्यांनी ग्राइंडर घेतला आणि एक न एक ओळ घासून सपाट केली. मग लांबी भरली, वर रेड ऑक्साइड मारला. जोड कुठे होता ते आता त्यांनाही सांगता आलं नसतं.

डॉक्टरांना ते बघवेना. “अहो, एवढे सुंदर जोड, घासून टाकलेत?”

“डॉक्टर, गिऱ्हाईक गेट बघायला येतं,” मिस्त्री म्हणाले. “जोड बघायला तुम्ही येता.”

आमच्यात आणि त्यांच्यात जो काही फरक आहे तो त्यांनी तिथे सांगून टाकला, आणि पुन्हा गुण्या उचलला. पण मला त्यात आमची बाजूही दिसते. ज्याचं पोट गेटवर आहे त्याला जोड लपवावा लागतो. ज्याचं पोट पेन्शनवर आहे तो सबंध सकाळ एका जोडावर घालवू शकतो, तोडून बघू शकतो, आतली काळी रेघ बघून चहा पिऊ शकतो. मिस्त्रींना आतली रेघ परवडत नाही. आणि ती आहे का हे बघायला तोडणंही परवडत नाही. हल्ली ते आमचे तुटलेले तुकडे फेकत नाहीत, हे मी पाहिलं आहे. गाळ्यात आलेल्या नव्या पोराला ते ताईची ती कड दाखवतात: बघ, वरून छान, आतून कोरं.

तर तुमच्यापैकी कुणाला शिकायचं असेल त्याने पद्धतींच्या वादात पडू नये. आधी रॉडचं वेल्डिंग शिका. अडीच मिलिमीटरचा ६०१३ आणि तीन मिलिमीटरची भंगारातली पट्टी घ्या आणि एक ओळ सरळ येईपर्यंत दुसरं काही करू नका. जमलेलं वाटलं की तोडून बघा. सीओटू आणि आर्गन कुठे पळून जात नाहीत. मशीन स्वस्त घेतलंत तरी चालेल, काच स्वस्त घेऊ नका. आणि घरी “काय करून देऊ?” असं विचारायच्या आत गॅलरीत किती जागा आहे ते मोजून घ्या.